टेप ड्राइव्ह एकच, मग डिव्हाइस फाइली आठ कशाला?

लिनक्स मशीनला एक टेप ड्राइव्ह जोडायचा, मशीन चालू करायचं आणि डेव्ह डिरेक्टरीत डोकावायचं, तिथे दिसतं काय तर ड्राइव्ह एक आणि त्याच्या नावाच्या फाइली आठ. एसटी०, एसटी०एल, एसटी०एम, एसटी०ए, आणि मग या चौघांच्याच पुढे एन लावून एनएसटी०, एनएसटी०एल, एनएसटी०एम, एनएसटी०ए. नवीन माणूस साहजिकच पहिली दिसते ती उचलतो, म्हणजे एसटी०, आणि बॅकअपच्या कामात या निवडीमुळे डेटा जाऊ शकतो. म्हणून म्हटलं हा विषय एकदा नीट, सावकाश सांगू. (नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर ती छोट्या रोमन अक्षरांतच टाइप करायची.)

आधी डिव्हाइस फाइल म्हणजे काय ते बघू. तिला फाइल म्हणतात पण तिच्यात काहीही साठवलेलं नसतं. ती कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, ड्रायव्हरपर्यंत जायचा दरवाजा आहे, तुम्ही तिच्यात लिहिलं की ते ड्रायव्हरकडे जातं आणि ड्रायव्हर ते ड्राइव्हकडे देतो. एलएस -एल करून बघा, ओळीच्या सुरुवातीला सी दिसेल, म्हणजे कॅरेक्टर डिव्हाइस, आणि साध्या फाइलला जिथे साइज दिसते तिथे इथे स्वल्पविराम घालून दोन आकडे दिसतील. पहिला मेजर नंबर, तो कुठला ड्रायव्हर ते सांगतो, लिनक्सवर स्कझी (ड्राइव्ह जोडायची एक पद्धत) टेपचा मेजर ९ आहे. दुसरा मायनर नंबर, आणि सगळी गंमत याच्यात आहे.

एसटी०चा मायनर ०, एसटी०एलचा ३२, एसटी०एमचा ६४, एसटी०एचा ९६. एनएसटी०चा १२८, आणि तिथून पुढे १६०, १९२, २२४. आता हे आकडे बायनरीत मांडून बघा म्हणजे लगेच उलगडतं. १२८चा बिट लावलेला असेल तर अर्थ ‘काम संपल्यावर टेप रिवाइंड करू नको’. ३२ आणि ६४चे बिट मिळून चार मोड होतात, आणि खालचे पाच बिट ड्राइव्ह कितवा ते सांगतात, म्हणून दुसऱ्या ड्राइव्हचे नंबर १, ३३, ६५ असे येतात आणि त्याच्या एनएसटी१चा १२९. म्हणजे आठही फाइली त्याच एका ड्राइव्हकडे जातात, फक्त प्रत्येक दरवाज्यातून आत जाताना सोबत एक वेगळी सूचना जाते. वर्तणूक कुठली हवी हे प्रोग्रॅमला सांगावं लागत नाही, फाइलचं नाव निवडलं की ते ठरलं. युनिक्सच्या जुन्या लोकांनी ही सोय केली कारण टार किंवा सीपीआयओसारख्या, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधून एकच अर्काइव्ह करणाऱ्या, प्रोग्रॅमला टेपबद्दल काहीच माहीत नसावं, त्यांनी फक्त उघडायचं, लिहायचं, बंद करायचं. मला ही कल्पना अजूनही फार आवडते, पण ती समजली नाही तर तिच्याइतकी घातक गोष्ट नाही.

एल, एम, ए हे जे मोड आहेत ते पटकन उरकतो. अ‍ॅडमिन प्रत्येक मोडला वेगळी डेन्सिटी (टेपवर किती दाट लिहायचं ते), ब्लॉक साइज, कॉम्प्रेशन असं ठरवून देऊ शकतो. एकाच ड्राइव्हमध्ये दोन-तीन प्रकारच्या जुन्या टेपा वाचायच्या असायच्या तेव्हा याचा खरा उपयोग होता. आजच्या एलटीओ जातीच्या ड्राइव्हला टेप कुठल्या पिढीची आहे ते स्वतःलाच कळतं, त्यामुळे रोजच्या कामात एसटी० आणि एनएसटी० या दोघींशीच गाठ पडते.

आता टेप आतून कशी असते ते. डिस्कवर फाइलसिस्टीम असते, नावं असतात, कुठली फाइल कुठे पडलीये त्याचा हिशोब असतो. साध्या टेपवर यातलं काहीच नाही. एक लांबच लांब पट्टी, तिच्यावर एकापुढे एक ब्लॉक, म्हणजे डेटाचे तुकडे, आणि मध्येमध्ये ड्राइव्हने टाकलेली एक खास खूण, तिला म्हणतात फाइलमार्क. दोन फाइलमार्कच्या मधला जो भाग तो टेपच्या भाषेत एक ‘फाइल’. त्या एका फाइलमध्ये तुमचं अख्खं टार अर्काइव्ह असेल, त्यात लाखभर खऱ्या फाइली असतील, टेपला त्याचं काही घेणंदेणं नाही. तिला नाव नाही, तारीख नाही, फक्त नंबर आहे आणि तोही शून्यापासून मोजलेला. शेवटचं लिखाण जिथे संपतं तिथे ड्राइव्ह ‘इथवरच डेटा आहे’ अशी नोंद ठेवतो, आणि वाचताना त्याच्यापुढे तो जात नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लांबच लांब म्हणजे किती? एलटीओ-८ची टेप ९६० मीटरची असते आणि तिच्यावर ६६५६ ट्रॅक असतात. हेड एका वेळी ३२ ट्रॅक लिहितो, टोकापर्यंत गेला की थोडा सरकून उलटा परत येतो, असं जाऊन-येऊन २०८ खेपा झाल्या की टेप भरते. म्हणजे एक टेप भरेपर्यंत हेडखालून जवळजवळ २०० किलोमीटर पट्टी सरकलेली असते!

तर आता मुख्य मुद्दा. एसटी० ही रिवाइंड करणारी फाइल. कुठल्याही प्रोग्रॅमने ती उघडली, काम केलं आणि बंद केली की ड्रायव्हर टेप सुरुवातीला नेऊन ठेवतो, लिहिलं असेल तर आधी फाइलमार्क टाकतो आणि मग रिवाइंड करतो. एनएसटी० हे करत नाही, लिहिलं असेल तर फाइलमार्क टाकतो आणि टेप तिथेच उभी राहते.

समजा स्क्रिप्टमध्ये तीन ओळी आहेत, पहिली टारने होम डिरेक्टरी टेपवर टाकते, दुसरी डेटाबेसचा डंप टाकते, तिसरी कॉन्फिगरेशन टाकते, आणि तिन्ही ठिकाणी एसटी० लिहिलंय. पहिला टार नीट होतो, फाइल बंद होते, टेप सुरुवातीला येते. दुसरा टार सुरुवातीपासूनच लिहायला लागतो, म्हणजे होमच्या डोक्यावर. तो संपतो, पुन्हा रिवाइंड. तिसरा टार छोटासा आहे, तो डेटाबेसच्या डोक्यावर बसतो आणि संपतो. एकही एरर येत नाही. तिन्ही कमांडचा एक्झिट कोड शून्य, म्हणजे ‘यशस्वी’, लॉग स्वच्छ, आणि टेपवर उरलंय फक्त कॉन्फिगरेशन. तुम्ही म्हणाल डेटाबेसचा डंप तर मोठा होता, त्याचा बराचसा भाग अजून पट्टीवर असणारच. असतो, पण वर सांगितलं ना की डेटाच्या शेवटाची नोंद जिथे पडली त्याच्यापुढे ड्राइव्ह जात नाही. तो डेटा पट्टीवर असूनही तुमच्या हाताला लागत नाही. आणि हे कळतं कधी, तर रिस्टोअर करायची वेळ येते तेव्हा. एका मशीनच्या बॅकअप स्क्रिप्टमध्ये हे असं महिनोन्‌महिने चालू असलेलं मी स्वतः पाहिलंय, सुदैवाने रिस्टोअरची गरज पडायच्या आधी. उपाय काय तर नावाच्या पुढे एक एन.

मग ही रिवाइंडवाली फाइल ठेवलीच कशाला असं कोणी विचारेल. पूर्वी बहुतेक वेळा एक टेप म्हणजे एक काम असायचं. टेप लावा, लिहा, काढा, कपाटात ठेवा. टेप काढायच्या आधी ती पूर्ण गुंडाळलेली असणं गरजेचं, त्यामुळे बंद करताच रिवाइंड ही सोय होती. आजही एका टेपवर एकच अर्काइव्ह टाकायचं असेल तर एसटी० वापरण्यात काही गैर नाही.

याच्यावरूनच नवशिक्यांना पडणारं एक कोडं सुटतं. टेप इकडेतिकडे हलवायला एमटी नावाची कमांड असते. दोन फाइलमार्क पुढे जायचं म्हणून कोणीतरी टाइप करतं ‘एमटी -एफ /डेव्ह/एसटी० एफएसएफ २’. ड्राइव्ह घरघरतो, टेप पुढे जाते, कमांड संपते, आणि मग टार चालवला तर पहिलंच अर्काइव्ह समोर येतं. ड्राइव्ह खराब झाला का? नाही हो, एमटी पण एक प्रोग्रॅमच आहे, त्याने एसटी० उघडली, टेप पुढे नेली आणि बाहेर पडताना फाइल बंद केली, बंद केल्याबरोबर रिवाइंड. म्हणजे सगळी मेहनत तिथल्या तिथे पुसली गेली. एमटीला हलवाहलवीसाठी नेहमी एनएसटी०च द्यायची. यातसुद्धा एक खाच आहे, -एफ दिलाच नाही तर एमटी ‘टेप’ (हे नाव मात्र मोठ्या रोमन अक्षरांत) नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये बघतो, म्हणून त्या व्हेरिएबलमध्ये एनएसटी०चा पूर्ण पाथ घालून ठेवायची सवय चांगली.

एनएसटी० वापरून तीन अर्काइव्ह नीट एकापुढे एक लिहिली, आता तिसरं वाचायचंय. आधी ‘एमटी रिवाइंड’, मग ‘एफएसएफ २’, म्हणजे दोन फाइलमार्क ओलांडून टेप तिसऱ्या फाइलच्या तोंडाशी उभी राहते, मग टार. मोजायचं नसतं आपण कितव्या फाइलवर जायचंय ते, मोजायचं असतं किती फाइलमार्क ओलांडायचेत ते, इथे खूप जण एकाने चुकतात. आणि उद्या याच टेपवर चौथं अर्काइव्ह जोडायचं असेल तर लिहायच्या आधी ‘एमटी ईओडी’ म्हणायचं, तो टेपला डेटाच्या अगदी शेवटी नेतो. हे विसरून मध्येच कुठेतरी उभं राहून लिहिलं तर तिथून पुढचं सगळं गेलं, कारण टेपवर मधलाच तुकडा बदलणं असा प्रकार नाही.

वाचण्यातली अजून एक गोष्ट आहे जी पुस्तकात सहसा सापडत नाही. एनएसटी०वरून टारने पहिलं अर्काइव्ह वाचलं, लगेच पुन्हा टार चालवला तर तुम्हाला वाटेल दुसरं अर्काइव्ह मिळेल, पण कधीकधी काहीच मिळत नाही, आणि तिसऱ्यांदा चालवला की दुसरं मिळतं. होतं काय की टारला स्वतःच्या अर्काइव्हचा शेवट आतल्या खुणेवरून कळतो, तो तिथेच थांबतो, फाइलमार्क अजून त्याच्या पुढे असतो. पुढच्या टारला पहिल्याच वाचनात फाइलमार्क लागतो आणि फाइलमार्क वाचणं म्हणजे शून्य बाइट मिळणं, म्हणजे प्रोग्रॅमच्या दृष्टीने फाइल संपली. याला बीएसडी (युनिक्सची एक जुनी शाखा) वर्तणूक म्हणतात, बंद करताना टेप जिथे आहे तिथेच सोडायची. सिस्टीम व्ही (युनिक्सची दुसरी शाखा) वर्तणुकीत मात्र वाचून बंद करताना फाइलमार्क ओलांडलेला नसेल तर ड्रायव्हर स्वतःच टेप त्याच्यापुढे नेऊन ठेवतो. लिनक्सवर मुळात बीएसडी वर्तणूक असते, सोलॅरिस या दुसऱ्या युनिक्सवर सिस्टीम व्ही. त्यामुळे एका सिस्टीमवर वर्षानुवर्षं चाललेली रिस्टोअर स्क्रिप्ट दुसरीकडे नेली की एका फाइलने घसरते आणि माणूस टेपला दोष देत बसतो. दोन अर्काइव्हच्या मध्ये अंदाजाने पुढे जाण्यापेक्षा प्रत्येक वेळी रिवाइंड करून एफएसएफने मोजून जाणं हळू आहे पण खात्रीचं आहे.

सोलॅरिसचा विषय निघालाच आहे तर बाकीच्या युनिक्सवरची नावं पण बघू, कारण तत्त्व तेच आणि अक्षरं वेगळी. सोलॅरिसवर डेव्हच्या आत आरएमटी डिरेक्टरी असते आणि तिच्यात ०, ०एन, ०बी, ०बीएन, ०सीबीएन अशी नावं. आकडा ड्राइव्हचा, एन म्हणजे नो रिवाइंड, बी म्हणजे वर सांगितलेली बीएसडी वर्तणूक, आणि मधलं एल, एम, एच, यू किंवा सी हे डेन्सिटी किंवा कॉम्प्रेशनचं. नाव नुसतं वाचलं तरी काय होणार ते कळतं, मला ही पद्धत सगळ्यात स्वच्छ वाटते. एचपी-यूएक्सवर जुनी नावं ०एम, ०एमएन, ०एमएनबी अशी, त्याच वळणाची. फ्रीबीएसडीवर एसए० रिवाइंडवाली, एनएसए० बिनरिवाइंडची आणि ईएसए० अशी की बंद केल्यावर टेप बाहेरच काढून देते. एआयएक्सवर मात्र अक्षरांऐवजी नुसते नंबर आहेत, आरएमटी०, आरएमटी०.१ ते आरएमटी०.७. साधी आरएमटी० रिवाइंड करते, .१ करत नाही. .२ आणि .३मध्ये टेप उघडताना एकदा टोकापर्यंत नेऊन परत आणून ताण सारखा केला जातो, .४पासून पुढे हाच सगळा क्रम दुसऱ्या डेन्सिटीसाठी. हे पाठ असल्याशिवाय कळणं शक्य नाही, म्हणून एआयएक्सवर काम करणाऱ्याने हा तक्ता भिंतीवर लावलेला बरा. विषम नंबर बिनरिवाइंडचे, एवढं तरी डोक्यात असू द्या.

आरएमटीमधला आर म्हणजे रॉ. जुन्या युनिक्सवर टेपच्या दोन तऱ्हेच्या फाइली असायच्या, एमटी० ही ब्लॉक डिव्हाइस, जी सगळं ५१२ बाइटच्या ठरलेल्या तुकड्यांत करायची, आणि आरएमटी० ही रॉ, जिथे प्रोग्रॅम जेवढं एका वेळी देईल तेवढाच ब्लॉक टेपवर पडायचा. लोकांना खरी उपयोगी पडली ती रॉच. टार म्हणजे टेप अर्काइव्ह, तो १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सबरोबर आला, आणि आज वेगळं काही सांगितलं नाही तर तो २० गुणिले ५१२ म्हणजे १०२४० बाइटचे ब्लॉक लिहितो.

इथून ब्लॉक साइजच्या भानगडीत शिरावं लागतं, कारण डिव्हाइस फाइल बरोबर निवडूनसुद्धा टेप वाचता येत नाही तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा कारण हेच असतं. ड्राइव्ह दोन पद्धतीने चालतो. ‘एमटी सेटबीएलके ०’ केलं की व्हेरिएबल, म्हणजे एका राइटला एक ब्लॉक, जेवढा दिला तेवढा. शून्याऐवजी ५१२ वगैरे दिलं की फिक्स्ड, सगळे ब्लॉक तेवढेच. व्हेरिएबलमध्ये वाचताना तुमचा बफर टेपवरच्या ब्लॉकपेक्षा लहान असला तर लिनक्स एरर देतो ‘कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी’. हे वाचून लोक रॅम तपासायला धावतात, पण रॅमचा काही संबंध नाही, ब्लॉक मोठा आणि तुमचं भांडं लहान एवढाच त्याचा अर्थ. कोणीतरी टारला ब्लॉकिंग फॅक्टर ५१२ देऊन २५६ केबीचे ब्लॉक लिहिलेत आणि तुम्ही डीडीने (डेटा ठरलेल्या मापाने कॉपी करणारी कमांड) ६४ केबी मागताय, मग हे होणार. अनोळखी टेप हाती आली की व्हेरिएबल मोडमध्ये डीडीला बीएस १ एमबी आणि काउंट १ देऊन एकच ब्लॉक साध्या फाइलमध्ये उतरवायचा आणि त्या फाइलची साइज बघायची, तोच टेपवरचा खरा ब्लॉक साइज. मग रिवाइंड करून त्याच मापाने पुढे वाचायचं. आणि लिहिताना वापरलेला ब्लॉक साइज टेपच्या लेबलवर पेनने लिहून ठेवा, पाच वर्षांनी जो कोणी ती वाचायला बसेल त्याचे कष्ट वाचतील.

आता एक धोका जो टेपचा नाहीच, डेव्ह डिरेक्टरीचा आहे. रूट म्हणून काम करताना एनएसटी०च्या जागी चुकून एनटीएस० टाइप झालं, किंवा ड्रायव्हर लोड न झाल्यामुळे एनएसटी० फाइल तिथे नाहीच, तर टार काय करेल? काही तक्रार न करता त्या नावाची साधी फाइल बनवेल आणि बॅकअप तिच्यात भरायला लागेल. जुन्या सिस्टीमवर यामुळे रूट डिस्क भरून मशीन आडवं व्हायचं. आजच्या लिनक्सवर डेव्ह मेमरीत असते, त्यामुळे डिस्कऐवजी रॅम भरते, आणि बॅकअप छोटा असेल तर तो गुपचूप ‘यशस्वी’ होतो आणि मशीन रिबूट झालं की नाहीसा. स्क्रिप्टमध्ये लिहायच्या आधी टेस्टला -सी देऊन ही खरंच कॅरेक्टर डिव्हाइस आहे ना हे तपासायची एक ओळ घाला, त्याहून स्वस्त विमा नाही.

दोन ड्राइव्ह असतील तर अजून एक. कर्नलला जो ड्राइव्ह आधी सापडला तो ०, नंतरचा १. रिबूटनंतर किंवा केबल बदलल्यावर हा क्रम उलटू शकतो आणि मग तुमचा बॅकअप दुसऱ्याच ड्राइव्हमधल्या टेपवर जातो. म्हणून युडेव्ह (लिनक्सवर डिव्हाइस फाइलींची नावं सांभाळणारा प्रोग्रॅम) डेव्हच्या आत टेप नावाची डिरेक्टरी करतो, तिच्यात बाय-आयडी, आणि तिथे ड्राइव्हच्या सिरीयल नंबरवरून पक्की नावं असतात, शेवटी -एनएसटी असलेलं नाव बिनरिवाइंडचं. स्क्रिप्टमध्ये तेच वापरा. रोबोटवाली लायब्ररी, म्हणजे अनेक टेपा ठेवणारं आणि आपोआप बदलणारं यंत्र, असेल तर टेपा उचलून ठेवणारा हात हे वेगळंच डिव्हाइस असतं, त्याला एमटीएक्स कमांड एसजी नावाच्या फाइलीतून हुकूम देते, त्याचा एसटी-एनएसटीशी संबंध नाही.

‘डिव्हाइस बिझी’ आलं तर घाबरू नका, टेपची फाइल एका वेळी एकच प्रोग्रॅम उघडू शकतो, बहुतेक आधीचा कुठला तरी टार अजून चालू असतो. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ती फाइल बहुतेक ठिकाणी टेप नावाच्या ग्रुपची असते, बॅकअपच्या युजरला त्या ग्रुपमध्ये घाला, सगळ्यांना लिहायची परवानगी देऊन मोकळे होऊ नका, कारण टेपवर तुमच्या मशीनचा सगळा डेटा असतो आणि ती वाचताना फाइलींच्या मूळ परवानग्या कोणी विचारत नाही.

शेवटी ‘एमटी स्टेटस’ वाचायला शिका, लिहायच्या आधी दरवेळी. फाइल नंबर ० आणि ब्लॉक नंबर ० आणि खाली बीओटी दिसलं तर टेप अगदी सुरुवातीला आहे, इथे लिहिलंत तर जुनं सगळं जाईल. ईओडी दिसलं तर डेटाच्या शेवटी आहात, नवीन अर्काइव्ह जोडायला हीच जागा. ईओएफ म्हणजे नुकताच एक फाइलमार्क ओलांडलाय. डब्ल्यूआर_प्रॉट म्हणजे टेपवरची लिखाण रोखायची खटकी लावलेली आहे, आणि डीआर_ओपन म्हणजे ड्राइव्हमध्ये टेपच नाही. फाइल नंबर -१ आला तर त्याचा अर्थ ड्रायव्हरला स्वतःलाच माहीत नाही टेप कुठे उभी आहे, अशा वेळी काहीही लिहायचं नाही, आधी रिवाइंड करायचं, पुन्हा स्टेटस बघायचं आणि मग मोजत पुढे जायचं.